नाशिकचे फाळके, ओझरचं मिग आणि चिमट्यात धरलेला पितळी पट्टा

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना राहिलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय नवीन? विषय आहे पितळेचा एक पत्रा. जाडी ०.१ ते ०.२ मिलिमीटर. आकाराने साधारण आपल्या एटीएम कार्डाएवढा, कधी त्याहून लहान. त्यावर विमानाच्या कॉकपिटचं पॅनल, सीटचे पट्टे, बकल, पेडल, अँटेना, चाकांच्या कप्प्यातल्या पट्ट्या, असं सगळं कोरलेलं असतं. प्लास्टिकचं मॉडेल विमान बनवणारे लोक हे भाग एकेक करून कापतात, वाकवतात आणि विमानात चिकटवतात. याला म्हणतात फोटो-एच्ड पार्ट. छंदवाल्यांच्या भाषेत नुसतं 'पीई'.

मग इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कशाला? कारण या पत्र्याचा इतिहास ओढत गेलं की दोन टोकं हाताला लागतात आणि दोन्ही नाशिक जिल्ह्यात आहेत. एक त्र्यंबकेश्वरला, दुसरं ओझरला. आणि मध्ये कुठेतरी तुमच्या हातातला फोनसुद्धा येतो.

आधी थोडं गणित

मॉडेल विमानांत सगळ्यात जुनं आणि लोकप्रिय माप म्हणजे १/७२. बहात्तरच का? कारण इंग्रजी मापात सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा झाला पाहिजे, एवढा साधा हिशेब. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' नावाने या मापाची प्लास्टिक विमानं विकायला आली. दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची मॉडेलं वापरली गेली. १९५० च्या दशकात एअरफिक्स कंपनीने छोट्या पिशवीत घालून स्पिटफायर विकायला काढलं आणि घराघरातल्या मुलांच्या हातात हा छंद गेला.

आता मिग-२१ घ्या. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खरं विमान ७.१५ मीटर. भागिले ७२ केलं की साधारण १० सेंटीमीटर. म्हणजे अख्खं लढाऊ विमान तळहातावर मावतं.

पण गडबड पुढे आहे. प्लास्टिकचे भाग साच्यात गरम प्लास्टिक दाबून बनतात. तिथे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ सुटा भाग नीट निघणं अवघड. अर्धा मिलिमीटर गुणिले ७२ म्हणजे ३.६ सेंटीमीटर. आता विचार करा, पायलटच्या खांद्यावरचा पट्टा साडेतीन सेंटीमीटर जाडीचा! तो पट्टा राहिला नाही, ती फळी झाली. मोठ्या भागात हे खपून जातं. पंख, धड, चाक यांत डोळ्याला काही खटकत नाही. पण पट्टा, कडी, पातळ पत्र्याची कड, जाळी इथे प्लास्टिक हात टेकतं.

तेच ०.१ मिलिमीटर पितळेचं बघा. गुणिले ७२, म्हणजे ७.२ मिलिमीटर. खऱ्या पट्ट्यापेक्षा अजूनही जाडच, पण डोळा आता मान्य करतो. आणि पितळ वाकतं, त्यामुळे पट्टा सीटवर खऱ्यासारखा सैल पडलेला दाखवता येतो.

प्रश्न असा, की एवढं बारीक काम पितळेत करायचं कसं? कात्रीने नाही, करवतीने नाही, छिन्नीने तर नाहीच. इथे उजेड आणि आम्ल कामाला येतात.

उजेडाने कोरायचं

कल्पना अशी. धातूच्या पत्र्यावर असा लेप लावायचा की उजेड पडला की तो कडक होतो. वर चित्राची निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा. जिथे उजेड पोचला तिथला लेप घट्ट बसतो. बाकीचा धुऊन टाकायचा. मग पत्रा आम्लात किंवा तशा रसायनात सोडायचा. लेप आहे तिथे धातू वाचतो, उघडा आहे तिथे खाल्ला जातो. झालं कोरीवकाम. हत्यार लागलंच नाही.

फ्रान्समध्ये निसेफोर निएप्सने १८२० च्या दशकात हे करून बघितलं. त्याचा लेप होता एक प्रकारचं डांबर. तोच निएप्स, ज्याचं नाव आपण जगातल्या पहिल्या टिकलेल्या फोटोसाठी घेतो. म्हणजे बघा, फोटोग्राफी आणि फोटोने धातू कोरणं या एकाच माणसाच्या प्रयोगशाळेतल्या जुळ्या बहिणी आहेत. त्यालाही मुळात छापण्यासाठीच्या प्लेटा हव्या होत्या.

पुढे इंग्लंडच्या हेन्री फॉक्स टॅल्बटने १८५२ आणि १८५८ मध्ये यावर पेटंट घेतली. डांबराऐवजी त्याने जिलेटिन वापरलं, त्यात बायक्रोमेट नावाचं रसायन मिसळलं की ते उजेडाने कडक होतं. आणि धातू खायला त्याने घेतलं फेरिक क्लोराइड.

हे नाव ऐकून माझ्यासारखे इंजिनिअरिंगवाले हसले असतील! कॉलेजच्या लॅबमध्ये पीसीबी बनवताना जे गडद तपकिरी पाणी बोटांना आणि शर्टाला कायमचं पिवळं करतं, ते हेच. लॅमिंग्टन रोडला तांब्याच्या बोर्डाबरोबर याची पुडी मिळते. पितळेचे पीई भाग करायला आजही प्रामुख्याने हेच वापरतात. दीडशेहून जास्त वर्षं झाली, रसायन तेच.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा

आता आपल्याकडे येऊ. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. आपण त्यांना 'राजा हरिश्चंद्र' आणि ३ मे १९१३ या तारखेसाठी ओळखतो. गिरगावचं कोरोनेशन थिएटर, पहिला भारतीय कथापट, वगैरे. पण त्याआधीची वीसेक वर्षं हा माणूस काय करत होता, हे फारसं कोणी विचारत नाही.

तर तो हेच करत होता. उजेडाने छापण्याच्या प्लेटा बनवत होता.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफी आली. कलाभवनाचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांच्यातली चुणूक ओळखली, तिथला स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. रतलामला जाऊन ते तीन रंगांचे ब्लॉक बनवण्याची आणि फोटो-लिथोची कला शिकले. मध्ये गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, मग ती सोडली आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्याला 'फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स' सुरू केलं. तिथे रविवर्मा प्रेससाठी फोटो-लिथोचं काम चालायचं. नंतर छापखाना दादरला आला, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला फाळके जर्मनीला जाऊन आले. त्यानंतर भागीदारांशी बिनसलं, छापखाना सुटला आणि मग सिनेमा. आधी पेशा एनग्रेव्हरचा, हे लक्षात ठेवा.

ब्लॉक म्हणजे काय, हे आता सांगायला हवं, कारण आपल्या पिढीने तो पाहिलेलाच नाही. वर्तमानपत्रात किंवा मासिकात फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ठसा बनवावा लागायचा. रेघांच्या चित्राला जस्ताचा, नायट्रिक ॲसिडने कोरलेला. फोटोला हाफटोन, म्हणजे फोटोचे बारीक बारीक ठिपके करून बहुतेक वेळा तांब्यावर, आणि तांबं खायला पुन्हा आपलं फेरिक क्लोराइड. गडद जागी मोठे ठिपके, उजळ जागी छोटे. १८८० च्या दशकात युरोप-अमेरिकेत ही पद्धत बसली. आपल्याकडे कलकत्त्याला उपेंद्रकिशोर रायचौधरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी, १८९५ च्या सुमारास स्वतःचा ब्लॉकचा धंदा काढला आणि हाफटोनच्या शास्त्रात अशी भर घातली की इंग्लंडच्या छपाईच्या नियतकालिकात त्यांचे लेख आले.

मराठीतही हीच वेळ. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि आपल्या दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. त्या अंकांतली चित्रं-फोटो ब्लॉकशिवाय छापताच आली नसती. पुढे ऑफसेट छपाई येईपर्यंत प्रत्येक मराठी छापखान्याच्या ओळखीत एक ब्लॉकमेकर असायचाच.

फाळक्यांच्या हातात जे कसब होतं आणि आज पीईचा पत्रा बनवणाऱ्या कारखान्यात जे चालतं, त्यात तत्त्वाचा फरक जवळपास नाही. ब्लॉकमध्ये धातू अर्धवट खोल खायचा आणि थांबायचं. पीईमध्ये आरपार जायचं. एवढंच.

ब्लॉकपासून फोनपर्यंत

मधला टप्पा इलेक्ट्रॉनिक्सचा. १९३६ मध्ये पॉल आइस्लर या ऑस्ट्रियातून इंग्लंडला आलेल्या इंजिनिअरने तारांच्या जंजाळाऐवजी छापलेल्या सर्किटचा रेडिओ करून दाखवला. आइस्लरने छपाईच्या जगातही काम केलेलं होतं, हे मुद्दाम सांगतो. तांब्याचा पातळ थर, त्यावर नकाशा, नको असलेलं तांबं खाऊन टाकायचं. ब्लॉकमेकरने हे बघितलं असतं तर म्हणाला असता, यात नवीन ते काय?

१९५० च्या दशकात ईस्टमन कोडॅक कंपनीने जिलेटिनच्या जागी जास्त टिकाऊ, भरवशाचा लेप आणला. १९६८ मध्ये ड्युपाँटने हाच लेप कोरड्या फिल्मच्या रूपात दिला. पत्र्यावर दाबून चिकटवली की काम सुरू. पीसीबी स्वस्त झाले. याच घराण्यातली सगळ्यात सूक्ष्म शाखा म्हणजे चिप बनवण्याची फोटोलिथोग्राफी. तुम्ही आत्ता ज्या फोनवर हे ऐकताय, त्याच्या आत उजेडाने काढलेली नक्षीच आहे.

मग हेच तंत्र छंदाकडे वळलं. १९७० च्या दशकात ब्रिटनचे रेल्वे मॉडेलवाले पितळेचे एच केलेले डबे-इंजिनं बनवू लागले. पुढच्या दशकात जहाजांचे कठडे, विमानांची कॉकपिट आली. आणि १९८९ मध्ये, चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट कोसळत असताना, ओब्रनित्से या छोट्या गावात एडुआर्ड नावाची कंपनी निघाली. आज पीई म्हटलं की जगभर पहिलं नाव याच कंपनीचं येतं. २००० नंतर त्यांनी पत्रे रंगवूनच विकायला सुरुवात केली. एका पॅनलवरच्या तबकड्या, काटे, लाल-पिवळी बटणं, सगळं छापलेलं.

या पत्र्यात एक छोटी युक्ती आहे, ती समजली की पुढचं सोपं जातं. पत्रा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खाल्ला जातो. दोन्ही बाजू उघड्या असतील तिथे आरपार भोक. एकच बाजू उघडी असेल तिथे अर्ध्या जाडीपर्यंत खड्डा. या अर्ध्या खड्ड्याची रेघ काढली की ती झाली घडी घालायची रेघ. म्हणजे सपाट पत्र्यावरच खोक्याचा आराखडा येतो, तुम्ही फक्त घड्या घालायच्या. मर्यादाही इथेच आहे. रसायन जसं खाली खातं तसं बाजूलाही खातं, त्यामुळे पत्र्याच्या जाडीपेक्षा फार बारीक भोक पाडता येत नाही.

आता ओझर

दुसरं टोक. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२, चीनबरोबरचं युद्ध. कृष्ण मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. १९६३ मध्ये ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी हवाई दलात पहिली मिग-२१ विमानं दाखल झाली, चंडीगडला, २८ व्या स्क्वाड्रनमध्ये. करार नुसत्या खरेदीचा नव्हता, भारतात बनवण्याचाही होता. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला. १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, आजच्या रूपात आली आणि ओझर तिचा मिग विभाग झाला.

द्राक्षाच्या मळ्यांच्या तालुक्यात आवाजापेक्षा दुप्पट वेगाने जाणारं विमान बनायला लागलं! आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू इथेच भाग तयार करणं. सुरुवातीचं मॉडेल होतं मिग-२१ एफएल, हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. मग आलं टाइप ९६, म्हणजे मिग-२१ एम. मग टाइप ७५, म्हणजे बिस.

१४ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गुवाहाटीहून गेलेल्या २८ व्या स्क्वाड्रनच्या मिग-२१ एफएल विमानांनी रॉकेटं डागली. आत बैठक चालू होती. त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरने राजीनामा दिला. दोन दिवसांनी शरणागती. मिग-२१ ची कीर्ती झाली ती त्या युद्धाने.

पुढे बिस विमानांपैकी १२५ विमानं 'बायसन' म्हणून सुधारली गेली. नवा रडार, नवं कॉकपिट. हे कामही मुख्यतः ओझरलाच झालं. एफएल विमानं डिसेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाली आणि शेवटची बायसन २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला उतरली. बासष्ट वर्षं. तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, ओझरच्या धावपट्टीवरून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए समारंभाने उडालं. ओझरचं काम थांबलेलं नाही, पण मिग-२१ चा अध्याय संपला.

आता उरलं काय? चौकाचौकात, शाळा-कॉलेजांत खांबावर चढवलेली काही विमानं, ऊन-पाऊस खात उभी. काही संग्रहालयात. आणि टेबलावरची १० सेंटीमीटरची मॉडेलं.

बसवायचं कसं

आता हाताचं काम. हे भाग प्रत्यक्ष बसवताना काय होतं, ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम, पंखा बंद करा. गंमत नाही. ठाण्याच्या मे महिन्यात हे अवघड आहे, पण २ मिलिमीटरचा पितळी भाग छताच्या पंख्याच्या वाऱ्याने उडाला की कपाटाखाली सापडतो किंवा सापडतच नाही. शोधायचाच असेल तर दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीला समांतर धरा, पितळ चमकतं.

कापायला मऊ कटिंग मॅट नको. घरात उरलेली बाथरूमची टाइल घ्या. पत्र्याखाली आधार कडक असेल तर भाग न वाकता तुटतो. धारदार ब्लेडचं टोक भागाला अगदी लागून ठेवायचं आणि खाली दाबायचं, ओढायचं नाही. कापताना भागावर बोट ठेवा, नाहीतर तो टिचकी मारल्यासारखा उडतो. उरलेला कोंब बारीक कानशीने सपाट करायचा, कडेच्या दिशेने.

वाकवताना अर्ध्या खड्ड्याची रेघ साधारणपणे घडीच्या आतल्या बाजूला ठेवतात. सपाट जबड्याचा चिमटा आणि समोरून एक ब्लेड, एवढ्यात बहुतेक घड्या होतात. मात्र तीच घडी पुन्हापुन्हा उघडमिट करू नका, दोन-तीन वेळांत पितळ तुटतं. पट्टा किंवा गोलाई हवी असेल तर पत्रा आधी मऊ करावा लागतो. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत क्षणभर, मंद लालसर होईपर्यंत, मग आपोआप गार होऊ द्यायचा. तांबट लोक भांडं ठोकता ठोकता मधेच तापवतात ना, कारण तेच. ठोकून, वाकवून धातू ताठ होतो, तापवला की नरम पडतो. रंगवलेल्या पत्र्याला अर्थातच हे करायचं नाही, रंग जळेल.

आता चिकटवणं. नेहमीचा मॉडेल सिमेंट इथे चालत नाही. तो मुळात गोंद नसून प्लास्टिक विरघळवणारा द्रव आहे. प्लास्टिकला प्लास्टिक तो जोडतो, पितळेला त्याचं काहीच देणंघेणं नसतं. इथे लागतो सायनोॲक्रिलेट, आपला फेविक्विक त्याच जातीचा. हा १९४२ मध्ये हॅरी कूव्हर यांना सापडला आणि १९५८ मध्ये बाजारात आला, कुठून? पुन्हा ईस्टमन कोडॅकमधूनच. म्हणजे पत्रा कोरायचा लेपही कोडॅकचा आणि पत्रा चिकटवायचा गोंदही कोडॅकचा. फोटोचा रोल विकणाऱ्या कंपनीने या छंदाचं केवढं भलं केलं बघा.

नळीतून थेट लावू नका. टाइलवर एक थेंब काढा, सुईच्या टोकाने त्यातला कणभर उचला. भाग जागेवर ठेवून कडेला टोक टेकवलं की गोंद फटीत स्वतःच ओढला जातो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. त्यामुळे आपल्या पावसाळ्यात तो फार लवकर धरतो आणि भोवती पांढरी वाफ बसते. काचेच्या भागांजवळ ही वाफ म्हणजे सत्यानाश, तिथे साधा पांढरा फेविकॉल किंवा पारदर्शक वार्निश वापरा. सपाट, रंगीत पॅनललाही तेच बरं, सरकवून जागा जुळवायला वेळ मिळतो. बारीक भाग उचलायला टूथपिकच्या टोकाला थोडं मेण लावा, चिमट्यापेक्षा चांगलं काम होतं.

आणि सगळ्यात विसरली जाणारी पायरी. पितळी पॅनल बसवण्याआधी प्लास्टिकवर साच्यातूनच आलेली बटणं-तबकड्या पॉलिश पेपरने घासून सपाट करायला लागतात. नाहीतर पॅनल उंचावर बसतं आणि धडाचे दोन अर्धे भाग मिटत नाहीत. एकदा घासलं की मागे परतता येत नाही. म्हणून आधी कोरडं जुळवून बघा, मग घासा. न रंगवलेल्या पितळेला रंगाआधी प्रायमर द्या, नाहीतर रंग नखाने निघतो.

कोणाची सीट?

इथपर्यंत तंत्र झालं. आता मला खरं जे बोलायचंय ते.

मिग-२१ एफएल आणि मिग-२१ पीएफएम बाहेरून भावंडं वाटतात. पण एफएलची काच एकसंध आहे आणि पुढच्या बाजूला बिजागरी ठेवून उघडते, पीएफएमची दोन भागांत आहे आणि कडेला उघडते. बाहेर उडी घेण्याची सीटही वेगळी. एफएलला जुनी एसके, पीएफएमला केएम-१. त्यामुळे पीएफएमसाठीचा पितळी सेट एफएलमध्ये बसवला तर दिसेल झकास, पण असेल चूक. ते विमान १९७१ मध्ये ढाक्यावर गेलेलं विमान राहणार नाही. एफएलला आत तोफ नव्हती, पोटाखाली तोफेचा वेगळा पॉड लावायचे. एमला ती आतच आली. हे असे फरक शोधणं म्हणजेच या छंदातला इतिहास.

कोणी म्हणेल, एवढ्या बारक्या गोष्टीने काय फरक पडतो?

१७ सप्टेंबर २००१ च्या रात्री सुरतगडहून उडालेलं मिग-२१ कोसळलं आणि फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न पुढे अनेक वर्षं लावून धरला. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडा दिला, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. यात मिगच्या सगळ्या जाती आल्या, नुसतं २१ नाही. पण आकडा वाचून पुढे जाता येत नाही.

म्हणून मला वाटतं, ०.६ मिलिमीटर रुंदीचा पितळी पट्टा सीटवर ठेवताना आपण ज्या जागेला हात लावतोय, ती रिकामी जागा नाही. तिथे माणूस बसायचा. सीट कोणती होती, हँडल कुठे होतं, काच कशी उघडायची, हे त्याच्या जगण्या-मरण्याचे प्रश्न होते. नुसत्या सजावटीसाठी वाटेल ते पॅनल चिकटवणं आणि नीट बघून बरोबर ते बसवणं, यात माझ्या लेखी तोच फरक आहे जो फॉरवर्ड केलेल्या इतिहासात आणि तपासलेल्या इतिहासात असतो.

अडचण अशी, की ही माहिती आपल्याकडे फार कमी नोंदलेली आहे. भारतीय मिगचं कॉकपिट बनवायचं तर आपण चेक कंपनीने, बहुतेक वेळा युरोपातल्या संग्रहालयातली विमानं मोजून बनवलेल्या पत्र्यावर अवलंबून असतो. त्यात भारतीय बदल येतीलच असं नाही. शिवाय हा छंद इथे स्वस्त राहिलेला नाही. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेलही कस्टमच्या त्याच रकान्यात मोजली जातात. देशी खेळण्यांना आधार द्यायचा हेतू समजतो. पण देशी मिग-२१ चा किट आणि त्याचा पितळी सेट कोणी बनवणार का, हा प्रश्न तसाच राहतो. गंमत म्हणजे एअरफिक्सची काही किट मधली काही वर्षं भारतातच बनत होती, खोक्यावर तसं छापलेलं असायचं. म्हणजे साचे चालवणारे हात आपल्याकडे आहेत. पीसीबी करणाऱ्या, नावाच्या पाट्या एच करणाऱ्या लहान कारखान्यांना ०.२ मिलिमीटरचा पत्रा कोरणं नवीन नाही. ड्रॉइंग तर संगणकावरच होतं. कमी आहे ती मोजमापांची, फोटोंची, आठवणींची.

आता तंत्रही बदलतंय. गेल्या काही वर्षांत थ्रीडी छापलेली, उठावदार स्टिकरसारखी पॅनल आली आहेत, खुद्द एडुआर्डही ती विकतं. ती बसवायला सोपी आहेत, तबकड्यांना गोलाईही मिळते. पत्र्याचं काम कदाचित पट्टे, जाळ्या, अँटेना एवढ्यापुरतं उरेल. ब्लॉक गेला तसा एक दिवस पत्राही जाईल. पण माहिती चुकीची असेल तर थ्रीडीतही चूकच छापली जाणार.

तेव्हा तुमच्याकडे एक मागणं. ठाणे, डोंबिवली, कल्याण, नाशिक इथल्या कित्येक घरांत ओझरला नोकरी केलेलं कोणी ना कोणी आहे. आजोबा, काका, शेजारचे काका. फिटर असतील, शीट मेटलवाले, पेंटर, इन्स्पेक्टर. त्यांच्याशी बोला. जे गुपित आहे ते विचारू नका, तेही सांगणार नाहीत. पण दिवस कसा जायचा, पहिलं विमान पूर्ण इथे बनलं तेव्हा काय झालं, हाताला कुठलं काम सगळ्यात अवघड वाटायचं, हे विचारा. फोनवर रेकॉर्ड करा, तारीख आणि नाव त्यांच्या परवानगीने लिहून ठेवा. आणि एखाद्या चौकात किंवा संग्रहालयात मिग उभं असेल आणि फोटो काढायला मनाई नसेल, तर सेल्फीबरोबर चाकाच्या कप्प्याचा, काचेच्या बिजागरीचा, शेपटीवरच्या नंबराचाही एकेक फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी तो रंग तिथे असेलच असं नाही.

पुढच्या भागात ब्लॉकमेकरच्या दुकानात जाऊ. जस्ताच्या ठशावर आम्ल टाकताना कडा कशा वाचवायचे, ती एक वेगळीच कला होती. तोपर्यंत पंखा बंद, चिमटा हातात. भेटू!